एक्केचाळिसावी बाटली

गुंडाप्पा आमच्या डिगळेवाडीच्या गुरांच्या दवाखान्यात परिचर होता. परिचर म्हणजे दवाखाना उघडायचा, झाडायचा, बैलाला पाडायचं, रेड्याचे पाय बांधायचे आणि डॉक्टर मीटिंगला गेले की डॉक्टर व्हायचं. मी तिथंच पशुधन पर्यवेक्षक. पदाच्या नावातच पर्यवेक्षण असल्यामुळं गुंडाप्पा काम करायचा आणि मी खुर्चीवर बसून बघायचो. आमची पंचवीस वर्षं अशी सुखात गेली.

उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की कर्नाटकाची शीव यायच्या अलीकडं डाव्या हाताला आमचा फाटा. फाट्यावर दोन धाबे, एक पंक्चरवाला आणि आमचा दवाखाना. धाब्यावर ट्रक थांबतात, आमच्याकडं म्हशी. म्हशींना निदान बिल द्यावं लागत नाही.

गुंडाप्पाचं घर मेंढपाळाचं. नव्वद साली त्याला नोकरीचा कागद आला, तेव्हा भावकीनं तोंडं वाकडी केली. मेंढरामागचा एक गडी कमी झाला म्हणाले. त्याचा बाप कोंडीराम मात्र वस्ताद माणूस. एक पोरगं मेंढरामागं आणि एक दवाखान्यात, म्हणजे कळप दोन्हीकडून राखला, असा त्याचा विचार. धाकटा भीमाशंकर कळपाकडं राहिला. गुंडाप्पा कामावर जायला निघाला तेव्हा म्हाताऱ्यानं त्याच्या कपाळाला भंडारा लावला आणि शब्द घेतला: नोकरी सरकारची कर, पगार म्हाळसाबाईला दे, पण आपल्या मेंढराला रोग आला तर तू उभा राहा. हा शब्द गुंडाप्पानं मला दोनशे वेळा तरी ऐकवला असेल. म्हाळसाबाई, म्हणजे त्याची बायको, तिनं पगाराचं कलम तेवढं लक्षात ठेवलं होतं.

या घराच्या दोन रीती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पहिली म्हणजे कळप मोजायचा नाही. आकडा तोंडातून निघाला की दृष्ट लागते. भीमाशंकरला मेंढरं किती विचारलं तर तो म्हणणार, "हायती की देवाच्या दयेनं." पशुगणनेच्या वेळी या उत्तरापुढं मी दर वेळी हात टेकले आहेत. बरं, संध्याकाळी एक कोकरू कमी असलं तर न मोजता त्याला ते एका नजरेत कळतं. मला माझ्या चार पोरांतलं एक जेवायला नाही हे ताटं वाढल्यावर कळायचं.

दुसरी रीत देवाच्या मेंढराची. कळपातलं एक मेंढरू देवाचं. ते विकायचं नाही, त्याची लोकर काढायची नाही, ते आपलं म्हणायचं नाही. जत्रा झाली की ते गावजेवणाला जातं. त्या जेवणात आधी गाव बसतं, मग पाहुणे, मग वाटसरू, आणि घरच्यांचं पान शेवटाला. गुंडाप्पा सांगायचा, लहानपणी तो आणि भीमाशंकर वासावरच अर्धे जेवायचे, कारण त्यांची पंगत बसेपर्यंत पातेल्यात रस्साच उरलेला असायचा. भीमाशंकर रडायचा. म्हातारा त्याच्या पाठीत एक धपाटा घालायचा आणि म्हणायचा, देवाचं हाय, आपल्या बापाचं न्हाय.

आता सरकारकडं येतो.

करोना ओसरला आणि सरकारला साठ्याची गोडी लागली. दोन हजार बावीसच्या श्रावणात आम्हाला एक पत्र आलं. दुश्मन उद्या बॉम्ब टाकणार नाही, रोग टाकेल. त्यातही फाशीचा रोग, म्हणजे अँथ्रॅक्स, टाकायला फार सोपा. तो जनावराला होतो, जनावरापासून माणसाला होतो, आणि त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. सबब सीमेलगतच्या निवडक दवाखान्यांत फाशीच्या लसीचा राखीव साठा ठेवण्यात येत आहे. सीमा म्हणजे कर्नाटकाची. तिकडून आमच्यावर आजवर हल्ला झाला तो फक्त स्वस्त दारूचा, आणि तो गावानं आनंदानं झेलला होता.

आमच्या डॉक्टर शिवकन्या मॅडम तेव्हा नव्या होत्या. वय सत्तावीस, शिकलेल्या, आणि सरकारी पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची वाईट सवय. पेटी आली त्या दिवशी त्या उमरग्याला मीटिंगला गेल्या होत्या. म्हणून पेटी मी आणि गुंडाप्पानं उतरवून घेतली. चलनावर बाटल्या चाळीस, एकेका बाटलीत शंभर जनावरांची लस. मी मोजल्या तर एक्केचाळीस भरल्या. पुन्हा मोजल्या. एक्केचाळीसच. पॅक करणाऱ्यानं फूटतूट धरून एक जास्तीची घातली असणार, आणि नशिबानं एकही फुटली नव्हती.

माल कमी आला तर काय करायचं याचा छापील नमुना आमच्याकडं आहे. जास्त आला तर काय करायचं याचा नमुना सरकारनं छापलेलाच नाही, कारण असला प्रसंग सरकारच्या कल्पनेत बसत नाही. मी डोकं खाजवत बसलो. गुंडाप्पानं नाही खाजवलं. तो बाटल्या मोजत नव्हता, नुसता बघत होता, भाऊ कळपाकडं बघतो तसा. मग त्यानं कडेची एक उचलली.

"ही देवाची," म्हणाला. "चाळीस सरकारच्या. लिव्हा चाळीस."

मी चाळीस लिहिलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. चाळीसची पेटी हुकमाप्रमाणं लाखेनं सील झाली. देवाची बाटली गुंडाप्पानं घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ठेवली, वर भंडाऱ्याची चिमूट टाकली आणि डबा लसीच्या फ्रीजमध्ये खालच्या जाळीत सरकवला. या फ्रीजमध्ये नियमानं लसीशिवाय काही ठेवता येत नाही. त्या दिवशी त्यात माझा ताकाचा तांब्या आणि फाट्यावरच्या धाब्याची दोन किलो कोथिंबीर होती. मॅडमनी दुसऱ्या दिवशी ताक आणि कोथिंबीर बाहेर काढली. डब्याला त्यांनी हात लावला नाही. गरिबाची भाकरी असेल, असं त्यांना वाटलं असावं.

दसरा आला. खंडेनवमीला गुंडाप्पानं दवाखान्यातली सगळी हत्यारं पुजली. सुया, सिरिंजा, बैल पाडायचा दोर, माझी खुर्ची, आणि फ्रीज. फ्रीज पुजला म्हणजे आतली पेटीही पुजायलाच हवी. त्यानं लाखेच्या सीलवर मूठभर भंडारा टाकला. मी बघत होतो. माझं कामच ते.

दिवाळी झाली आणि तपासणीला दिल्लीहून दोन साहेब आले. त्यातल्या मोठ्या साहेबानं फ्रीज उघडला, पेटी बघितली, आणि जो मागं उडाला तो थेट माझ्या पुजलेल्या खुर्चीवर. फाशीच्या रोगाच्या राखीव साठ्यावर कुणीतरी पिवळी पावडर टाकलेली होती. जंतू पावडरीतूनच पसरवतात, हे त्याला दिल्लीत तीन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवलेलं होतं.

पुढच्या दहा मिनिटांत आम्ही सगळे रस्त्यावर होतो. दवाखान्याला पिवळी पट्टी लागली, पोलीस आले, आणि फाट्यावर अशी गर्दी जमली की धाबेवाल्यानं चहाचं दुसरं पातेलं चढवलं. मोठ्या साहेबानं गुंडाप्पाला बाजूला घेतलं. पावडर कुणी दिली?

"खंडोबा का है, साब," गुंडाप्पा म्हणाला.

हा खंडोबा राहतो कुठं, हे साहेबानं विचारलं. गुंडाप्पानं खरं ते सांगितलं: सव्वादहा महिने अणदूर, पावणेदोन महिने नळदुर्ग. साहेबाच्या कपाळाला आठी पडली. दोन पत्ते असलेला माणूस आणि तोही मुक्काम हलवणारा. त्यानं ते लिहून घेतलं. मी मध्ये पडून सांगितलं की खंडोबा देव आहे. त्यानं तेही लिहून घेतलं.

नमुना लांबच्या प्रयोगशाळेत गेला. पट्टी तीन दिवसांनी निघाली. साहेबांनी सील तोडून बाटल्या मोजल्या, चाळीस भरल्या, नोंदवहीत चाळीस होत्या, तेवढ्यापुरते ते खूश झाले. खालच्या जाळीतला डबा दिसल्यावर मात्र पुन्हा भडकले. लसीच्या फ्रीजमध्ये खाणं! गुंडाप्पानं मान खाली घालून डबा उचलला, मागच्या दारानं नेला, लसीच्या थंड पेटीत बर्फाच्या लाद्यांमध्ये ठेवला आणि साहेबांची गाडी वळली तसा परत जाळीत आणून ठेवला.

दोन महिन्यांनी अहवाल आला. पावडर हळद असून तीत मैद्याची भेसळ आहे. गुंडाप्पाला या सगळ्या प्रकरणात एवढ्याच गोष्टीचं वाईट वाटलं. देवाच्या भंडाऱ्यात मैदा. तो पंधरा दिवस दुकानदाराशी बोलला नाही.

पण त्या अहवालामागून एक हुकूमही आला. पेटीला आता नंबराचं सील लागलं. वरून आदेश आल्याशिवाय जो ते तोडेल त्याच्यावर फौजदारी. खाली आम्हा तिघांच्या सह्या घेतल्या. आम्ही हसत हसत केल्या. फाशीचा रोग आमच्याकडं दहा-बारा वर्षांत दिसला नव्हता.

त्या उन्हाळ्यात लोकांनी तळ्यातला गाळ काढून शेतात नेला. जुनी माती वर आली. आषाढात तळ्याच्या पोटात हिरवं झालं आणि भीमाशंकरनं कळप तिथं घातला.

एका सकाळी तो दवाखान्यात आला, पळतच. एक मेंढी सकाळी चरत होती आणि बघता बघता आडवी झाली. तो तिला सोलायला घेणार होता. गुंडाप्पानं एवढं ऐकलं आणि सायकल काढली. मी मागून मोटारसायकलवर गेलो, तरी तो माझ्या आधी पोचला होता. मेंढी फुगली होती, नाकातून काळं रक्त येत होतं आणि ते गोठत नव्हतं. भीमाशंकरच्या हातात सुरी होती. गुंडाप्पानं ती हिसकावून तळ्यात फेकली. रक्त उघड्यावर सांडलं असतं तर तिथली माती आणखी पन्नास वर्षांसाठी बाटली असती, आणि भीमाशंकरही वाचला नसता कदाचित.

मॅडमनी कानाच्या शिरेतला थेंब काचेवर घेतला. दुपारी सांगितलं, फाशीच आहे.

आमच्याकडची नेहमीची लस जूनमध्येच संपलेली. मागणी केली तर आठ-दहा दिवस लागतील असं कळलं. लस टोचल्यावर अंगात जोर धरायलाच आठवडा जातो. आणि फ्रीजमध्ये चार हजार जनावरांची लस सील लावून बसलेली. मॅडमनी त्याच दुपारी वर फोन लावले, पत्र पाठवलं, रात्री पुन्हा फोन लावले. पत्रात बाधित कळपाची संख्या लिहायची होती. भीमाशंकर म्हणाला, हायती की. मॅडमनी आपल्या अंदाजानं शंभर लिहिलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. तोवर सात मेंढरं गेली होती. उत्तर मला तोंडपाठ आहे: "सदर साठा जैविक हल्ल्याच्या प्रसंगी वापरावयाचा असून प्रस्तुत प्रादुर्भाव नैसर्गिक आहे किंवा शत्रुकृत, याबाबत स्वयंस्पष्ट अहवाल तातडीने सादर करावा."

मी म्हणालो, लिहून टाकू शत्रुकृत. शत्रू म्हटलं तर आपल्या भावकीत हवे तेवढे आहेत, एकाचं नाव टाकू. मी चेष्टेत म्हणालो, पण मॅडमनी खरोखर पेन उचललं होतं. गुंडाप्पा नको म्हणाला.

"ह्यो रोग आमच्या आज्याच्या वखताचा हाय," तो म्हणाला. "तळ्याच्या पोटात त्याची मेंढरं पुरलीत. मातीनं बी साठा ठिवलाय, मॅडम. तिला वरून हुकूम लागत न्हाय."

आज वाटतं, लिहायला हवं होतं. दुश्मनाला आमच्या खोट्याचं काय वाईट वाटणार होतं? पण तेव्हा खरं लिहून पाठवलं, आणि खऱ्याचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. तोवर काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. उत्तरात लिहिलं होतं, भविष्यात दक्षता घ्यावी.

त्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भीमाशंकर फ्रीजसमोर येऊन उभा राहिला. आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं. त्यानं भावाकडं बघितलं आणि नुसतं पेटीकडं बोट केलं. गुंडाप्पानं पेटी बाहेर काढली. त्याचा हात सीलवर गेला. मी तो हात धरला. माझी निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, त्याचीही तेवढीच. फौजदारी, निलंबन, पेन्शन, असलं काहीतरी मी बडबडलो. मॅडमनी डोळे दुसरीकडं वळवले. मी आयुष्यात बरीच कामं टाळली, त्यांची मला लाज नाही. त्या दिवशी हात धरला त्याची आहे.

गुंडाप्पानं पेटी परत ठेवली. मग खाली वाकून खालच्या जाळीतला डबा काढला आणि मॅडमच्या टेबलावर उघडला. घोंगडीचा तुकडा, मैदामिश्रित भंडारा, आणि त्यात एक बाटली. मॅडमनी तिच्यावरचा बॅच नंबर वाचला, पेटीवरचा वाचला, दोन्ही एकच. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ही कागदावर नाही. गुंडाप्पा म्हणाला, म्हणूनच ती देवाची हाय.  मॅडमनी सिरिंजा उकळायला सांगितल्या. प्लास्टिकच्या होत्या हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

शंभर जनावरांची लस, आणि भीमाशंकरच्या कळपात अजून नव्वदीच्या पुढं जनावरं. म्हणजे बरोबर पुरली असती. भीमाशंकर धावत पुढं गेला, वाघर लावली, म्हणजे जाळ्याचं कुंपण घातलं, आणि सगळा कळप त्यात कोंडला.

गुंडाप्पा त्याच्या वाघरीवरून सरळ पुढं गेला. आधी तो हरणाबाईच्या दारात थांबला. हरणाबाई एकटी बाई, तिच्या चौदा शेळ्या त्याच तळ्यावर जायच्या. चौदा टोचल्या. मग मल्लेशच्या वाड्यावर. मल्लेशची मेंढरं सत्तेचाळीस. मल्लेशनं आकडा सांगितला नव्हता, मी सुया मोजल्या होत्या. मी गुंडाप्पाच्या कानाशी लागलो, अरे आधी तुझ्या भावाची. तो म्हणाला, देवाचं हाय. बस, एवढंच. त्याची एकही सुई चुकत नव्हती.

भीमाशंकरच्या वाघरीशी आलो तेव्हा बाटलीत एकोणचाळीस उरल्या होत्या. गुंडाप्पानं विचारलं, कुणाला टोचू. भीमाशंकर वाघरीची दोरी आवळत राहिला. आपल्या मेंढरांतून एकोणचाळीस निवडायची म्हणजे बाकीची नको म्हणायची. शेवटी गुंडाप्पानंच निवडली, तरण्या माद्या आणि कोकरं. म्हाताऱ्या मेंढ्या एकेक करून बाजूला सारल्या. त्यातल्या दोन-तीन त्यानंच पूर्वी आपल्या हातानं सोडवल्या होत्या, अडलेल्या असताना. तो रडत होता आणि नाक बाहीला पुसत होता. बाटली संपली.

त्या दिवसाच्या नोंदवहीत मॅडमनी लिहिलं: लसीकरण निरंक. कागदावर नसलेल्या बाटलीतून कुणालाच काही टोचलं गेलेलं नव्हतं.

हरणाबाईची एकही शेळी गेली नाही. मल्लेशचं एक मेंढरू गेलं, तेही ट्रकखाली. नेहमीची लस अकराव्या दिवशी आली. बाराव्या दिवशी भीमाशंकर दवाखान्याच्या दारात उभा राहिला. आत आला नाही. जिवंत मेंढरं मोजायची नसतात, मेलेल्यांना ती बंदी नाही.

"अण्णा, तेवीस," तो म्हणाला. "लिव्ह तुझ्या वहीत. आन् बाला काय सांगायचं ते तूच सांग."

म्हातारा कोंडीराम मरून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. भीमाशंकर वळून गेला आणि वर्षभर भावाशी एक शब्द बोलला नाही. दिवाळीला फराळाचं ताट म्हाळसाबाईनं पाठवलं ते झाकण न काढता परत आलं. मॅडमनी पुस्तकं काढून गुंडाप्पाला सांगितलं की तू केलंस तेच शास्त्रात आहे, रोगाच्या भोवतीची निरोगी जनावरं आधी टोचायची, म्हणजे रोग पुढं सरकत नाही. तो म्हणाला, शास्त्र माझ्या भावाला सांगा. खंडेनवमीला त्यानं हत्यारं पुजली नाहीत. डबा रिकामा, जाळीत तसाच पडून होता.

पेटीची मुदत दोन हजार चोवीसच्या जुलैत संपली. मोठे साहेब स्वतः आले. सील शाबूत बघून त्यांनी आमचं कौतुक केलं. मग पंचनामा, खड्डा, चुना. खड्डा गुंडाप्पानंच खणला, तळ्याच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरची तेवीस जिथं पुरली त्याच्या पलीकडं. चाळीस बाटल्या एकेक मोजून फोडल्या. एकाही जनावराला न शिवता चार हजार जनावरांची लस मातीत गेली. साहेब टाळी वाजवायच्या बेतात होते.

गावात मात्र वेगळं काहीतरी चाललं होतं. ज्याचा कळप मोडला त्याला बाकीच्यांनी कोकरं द्यायची, अशी या लोकांत चाल आहे. हरणाबाईनं दोन पाटी, म्हणजे तरण्या शेळ्या, नेऊन भीमाशंकरच्या दारात बांधल्या. मल्लेशनं पाच कोकरं दिली, त्यातलं एक लंगडं होतं, पण मल्लेशचा स्वभाव बघता चार धड निघाली हेच विशेष. भीमाशंकरनं ती ठेवून घेतली. पाटी बांधताना हरणाबाई त्याला काय बोलली ते मला माहीत नाही. तिची जीभ गावाला माहीत आहे, तेव्हा कमी बोलली नसणार.

ऑगस्टात नवी पेटी आली. बाटल्या या वेळी माझ्यासमोर मॅडमनी मोजल्या. चाळीस. गुंडाप्पानं बघितल्या, मग माझ्या सबंध नोकरीत पहिल्यांदा त्यानं स्वतः बोटानं मोजल्या. चाळीसच. पुरवठ्यात आता काटेकोरपणा आला होता. तो जाऊन पायरीवर बसला. निवृत्तीला त्याला आठ महिने होते.

मॅडमनी नोंदवही ओढली. मघाशी सांगितलं, त्या पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. कमी माल आल्याचा नमुना कुठं आहे हे त्यांना पाठ होतं. त्यांनी लिहिलं: आलेल्या चाळीस, प्रवासात फुटलेली एक, शिल्लक एकोणचाळीस. साक्षीदार म्हणून मी सही केली. इतकी सुबक सही मी पगारपत्रकावरही कधी केली नव्हती. मग त्यांनी फुटलेली बाटली हलकेच उचलून गुंडाप्पाच्या हातात दिली.

त्यानं डबा काढून पुसला, घोंगडीचा तुकडा अंथरला. भंडारा नव्हता. वर्षभर त्यानं तो घरातही आणला नव्हता. तो तसाच उघडा डबा घेऊन उभा राहिला, आणि दारात भीमाशंकर आला. म्हाळसाबाईनं निरोप धाडला होता की त्याचा तोच आला, हे मी अजून विचारलेलं नाही. घोंगडी खांद्यावर, मुठीत कागदाची पुडी. मला म्हणाला, अणदूरचाच हाय, मैदा न्हाय. मग आत आला, पुडी सोडली आणि भावाच्या डब्यात चिमूट टाकली. गुंडाप्पा त्याच्याकडं बघायलाच तयार नव्हता. डबा मात्र त्यानं पुढं धरला.

"अण्णा," भीमाशंकर म्हणाला, "औंदा बी आमचं पान शेवटालाच वाढ."